तापणारं इंजिन आणि थंड रक्ताच्या अध्यक्षबाई

एका जंगलात एक विमान होतं. हसू नका. जंगलात निवडणुका असतात, सत्कार असतात, उद्घाटनं असतात, तेव्हा तुम्ही हसत नाही. मग त्या बिचाऱ्या विमानानेच काय घोडं मारलंय?

तर विमान होतं. लहानसं, दोन जागांचं. पुढे चालवणारी, मागे एक प्रवासी. नाकात चार सिलिंडरचं इंजिन, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ते जंगलात कुठून आलं असं मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलायची सवय मी हल्ली सोडली आहे. ती का सोडली, तेच सांगायला बसले आहे.

मी घोरपड. अंगाने जाड, चालीने संथ, वयाने तुमच्या आजीएवढी. या गोष्टीत जी मूर्ख आहे ती मीच, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही उगाच इकडेतिकडे शोधत बसणार नाही.

आमच्या जंगलाला लागून एक खोल दरी होती. दरीच्या काठाला डोंगराची एक उभी धार, आणि पलीकडे उंच पठार. त्या वर्षी दरड कोसळली आणि पठारावर जायची पायवाट दरीत गेली. वर चाळीस-पन्नास जनावरं अडकली. लांबून वळसा घालून यायचं तर अकरा दिवस, तेही धडधाकट पायांनी. म्हणून विमान मीठ आणि औषधं घेऊन वर जायचं आणि येताना एकेकाला खाली आणायचं. हौसा मुंगशी ते चालवायची. सोपानकाका साळिंदर त्याची दुरुस्ती करायचे. दोघांचं काम नीट चाललं होतं, कारण तोपर्यंत त्यात कोणी लक्ष घातलं नव्हतं.

वर अडकलेल्यांत सगुणा नावाची एक भेकरी होती. ती गाभण होती. आदल्या खेपेला तिचं पाडस आडवं आलं होतं. पाडस गेलं आणि ती स्वतः कशीबशी वाचली. या खेपेला तिला वैद्यीणबाईंच्या हाताखालीच बाळंत व्हायला हवं होतं. वैद्यीणबाई खाली जंगलात राहायच्या. त्या अस्वल असल्यामुळे विमानात मावत नव्हत्या. म्हणजे सगुणेलाच खाली आणायला हवं होतं, आणि तेही पौर्णिमेच्या आत. तेव्हा नुकतीच अमावास्या झाली होती.

हौसा तिला आणायला निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत आली.

"धार चढताना इंजिन तापतंय," ती म्हणाली. "मागचं उजवं सिलिंडर. काटा लाल रेघेच्या वर जातोय. नाक खाली धरलं की वारा लागतो आणि काटा उतरतो. पण नाक खाली धरून धार कशी चढू?"

सोपानकाकांनी झाकण उघडलं. इंजिनाच्या अंगावर पातळ पातळ पत्र्यांची चळत असते. समोरून येणारा वारा त्या पत्र्यांमधून जातो आणि इंजिन गार ठेवतो. तो वारा भलतीकडे जाऊ नये म्हणून इंजिनाच्या भोवती आडोसा केलेला असतो, आणि त्या आडोशाच्या काठाला रबराची पट्टी असते. काकांनी त्या पट्टीत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"पट्टी फाटलीय," काका म्हणाले. "वारा भरपूर येतोय, पण फटीतून पळून जातोय. मागच्या सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. हातभर पट्टी द्या, उद्या विमान उडेल."

एवढंच काम होतं, बाळांनो. हातभर पट्टी. जुन्या चाकाची ट्यूब तिथे खुंटीला लटकत होती.

पण काका पडले सरळमार्गी. त्यांनी दरबारात रीतसर अर्ज केला. अर्जात लिहिलं, 'इंजिन गार राहत नाही, सबब पट्टी मिळावी.' दरबाराने अर्जाचा पहिला अर्धा भाग वाचला. इंजिन गार राहत नाही म्हणजे गंभीरच बाब. सिंहमहाराज झोपले होते, तेव्हा त्यांची संमती आहे असं धरलं गेलं आणि 'इंजिन शीतलीकरण धोरण समिती' नेमली गेली. समितीचा निर्णय होईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचा नाही असा हुकूमही निघाला.

समितीत तीन जण होते. पहिले दौलतराव रेडा. ते उन्हाळाभर डबक्यात बसतात, फक्त नाक वर ठेवून. दुसरे मार्तंडराव लांडगे. ते दिवसाला तीन डोंगर पालथे घालतात आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत गार होतात. आणि तिसरी, अध्यक्षस्थानी, मी.

मला का घेतलं? कारण मी थंड रक्ताची. माझ्या अंगात स्वतःची म्हणून ऊब नाही. सकाळी दोन तास दगडावर उन्हात पडल्याशिवाय मला सहीसुद्धा करता येत नाही. तापणं म्हणजे काय हे मला जन्मात कळलेलं नाही, म्हणून या विषयात मी निःपक्षपाती आहे असं दरबाराचं मत पडलं. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला फार आवडलं. घरी जाऊन मी पाण्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि 'अध्यक्षबाई' अशी दोनदा हाक मारून पाहिली.

पहिली सभा भरली. आमच्या जंगलात सभेची एक रीत आहे. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, ते कायम करायचं, मग पुढचं काम. मी म्हटलं, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा."

"मागची सभा झालेलीच नाही," मार्तंडराव म्हणाले. "ही पहिलीच."

"मग कायम काय करायचं?"

 नियमात इतिवृत्त कायम केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. अर्धा दिवस विचार करून मी सभा तहकूब केली. आता निदान पुढच्या सभेला वाचायला काहीतरी झालं, म्हणून सगळे समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या सभेला ते इतिवृत्त वाचलं. त्यात दौलतरावांच्या नावाआधी 'श्री.' लिहायचा राहिला होता. तो घालण्यात तो दिवस गेला.

तिसऱ्या सभेला खरी चर्चा झाली. दौलतराव उठले. त्यांच्या अंगावरचा चिखल अजून ओला होता.

"गार व्हायचं तर पाणीच पाहिजे," ते म्हणाले. "मी स्वतः अनुभव घेतलाय. पाण्यात बसलं की सगळं अंग सारखं गार होतं. पुढचं मागचं असा भेद राहत नाही. इंजिनाला पाण्याचं वेष्टण करा, नळ्या फिरवा, पंप बसवा."

"आणि नळी फुटली तर?" मार्तंडराव गुरगुरले. "वर आभाळात डबकं कुठून आणणार? हवा फुकट, हवा सगळीकडे. हवेला गळती नाही, हवेला वजन नाही. आमच्या सात पिढ्या जीभ बाहेर काढून पळाल्या. एकही तापून मेला नाही."

"वेडेवाकडे पळता म्हणून तापता. गप एका जागी बसलात तर तापणारच नाही."

"विमान गप एका जागी बसवायचंय का?"

प्रकरण शिंगांवर आणि दातांवर जायला लागलं तसं मी सोपानकाकांना साक्षीला बोलावलं. काका हात पुसत आले.

"तसं दोन्ही चांगलं आहे," काका म्हणाले. "पाण्याचं इंजिन सगळीकडे सारखं गार राहतं. चढताना तापत नाही, उतरताना एकदम थंड पडून त्याला धक्का बसत नाही. पण त्याला पंप आला, नळ्या आल्या, वजन आलं. हवेचं इंजिन साधं, हलकं. पण त्याला वारा नीट पोचवावा लागतो, आणि चालवणाऱ्याला जपून चालवावं लागतं. ज्याचं इंजिन जसं घडलंय तसं त्याला वागवायचं. आपलं हवेचं घडलंय. त्याची पट्टी फाटलीय."

"पण पाणी श्रेष्ठ हे तुम्ही मान्य केलंत," दौलतराव म्हणाले.

"ते पाणी तापलं की त्याला गार कोण करणार, मालक?"

"पाणीच."

"नाही. ते पाणी जाळीतून फिरवायचं आणि जाळीला वारा लागू द्यायचा. शेवटी वाराच लागतो."

मार्तंडरावांनी शेपटी हलवली. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमच्या जिभेला ओल नसती, तर तुम्ही कितीही धापा टाकल्या असत्या तरी गार झाला नसता."

मार्तंडरावांची शेपटी थांबली. काकांनी दोघांनाही खूश केलं नाही, त्यामुळे त्यांना विषयाचं ज्ञान नाही यावर दोघांचं एकमत झालं. समितीतलं ते पहिलं एकमत. मी ते ठळक अक्षरात लिहून घेतलं. पट्टीचं मात्र लिहायचं राहून गेलं.

खरं तर राहून गेलं नाही. मी मुद्दाम लिहिलं नाही. पट्टीने भागलं असतं तर समिती कशाला हवी होती, आणि समिती नसती तर मी कोण होते? दगडावर पडलेली एक घोरपड.

आठव्या दिवशी कावळा पठारावरून निरोप घेऊन आला. सगुणेने विचारलं होतं, 'बाई, अजून किती दिवस? पोट खाली उतरलंय.'

मी उत्तर पाठवलं, 'विषय समितीच्या विचाराधीन आहे.'

कावळ्याने ते तीनदा म्हणून पाठ केलं. मग त्याने मला विचारलं, "याचा अर्थ हो का नाही?" मी म्हटलं, तू फक्त पोचव. तो उडाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण का गेलं नाही ते मी शोधलं नाही.

अकराव्या दिवशी मी तोडगा काढला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणून मी ते पुष्कळ दिवस सांगत होते. तोडगा असा: पुढची दोन सिलिंडर पाण्याने गार करायची आणि मागची दोन हवेने. कोणाचाच अपमान नाही. दौलतरावांना पुढचा मान, मार्तंडरावांना मागची जबाबदारी. ठराव टाळ्यांत मंजूर झाला.

सोपानकाकांनी ठराव वाचला. मग त्यांनी डोक्याला हात लावला, पण त्यांच्या डोक्यावर काटे असल्यामुळे तो लगेच काढून घेतला.

"टाकी कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मागच्या जागेवर."

"आणि प्रवासी?"

"आधी चाचणी. प्रवाशाचा विचार दुसऱ्या टप्प्यात," मी म्हटलं.

 दोन दिवस काका इंजिनात डोकं घालून होते. पाण्याची टाकी बसली, नळ्या बसल्या, पंप घुमायला लागला. दौलतरावांनी टाकीला नारळ फोडला. तेराव्या दिवशी सकाळी विमान चाचणीला तयार झालं, आणि नोंदी घ्यायला समितीचा प्रतिनिधी बरोबर हवा म्हणून मी टाकीवर चढून बसले. हौसा म्हणाली, "बाई, वजन वाढतंय." मी म्हटलं, "अध्यक्षांचं वजन धरायचं नसतं."

निघायच्या आधी काकांनी हौसाच्या हातात एक पाना दिला. मला वाटलं, शुभशकुन असेल.

विमान धार चढू लागलं. मी मान लांब करून काट्याकडे बघत होते. काटा चढला, चढला, आणि लाल रेघेच्या बराच खाली येऊन थांबला. मागचं उजवं सिलिंडरही थंड डोक्याने चाललं होतं. मी वहीत लिहिलं, 'जलशीतलीकरणाचा उत्तम परिणाम.' मग आठवलं की मागची दोन हवेवर होती. तेव्हा खाली लिहिलं, 'वायुशीतलीकरणाचाही.'

आम्ही पठारावर उतरलो. धावपट्टीच्या टोकाला सगुणा उभी होती. तिचे पाय फाकलेले होते आणि कातडी थरथरत होती. कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या.

हौसा उडी मारून खाली आली आणि पाना घेऊन टाकीला भिडली.

"काय करतेस?" मी म्हटलं. "टाकीला हात लावू नकोस. पाणी नसेल तर इंजिन जळेल."

"त्या पाण्याचा इंजिनाला थेंबसुद्धा लागत नाही, बाई. नळी इंजिनाला जोडलेलीच नाही. पाणी टाकीतून निघतं आणि फिरून टाकीतच येतं."

"मग इंजिन गार कशाने राहिलं?"

"पट्टीने. काकांनी त्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवलीय. टाकी लावायच्या निमित्ताने इंजिनाला हात लावता आला ना त्यांना."

मी वही मिटली. टाकी सुटली, पाणी मातीत गेलं, आणि मी मोकळ्या झालेल्या जागेवर सरकून बसले. हौसाने सगुणेकडे पाहिलं, धावपट्टीकडे पाहिलं, समोरच्या दरीकडे पाहिलं. धावपट्टी आखूड होती आणि पठारावरची हवा विरळ.

"दोन जीव ही आणि वर तुम्ही, एवढं उचलणार नाही," ती मला म्हणाली. "बाई, उतरा."

आता मी तुम्हाला जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी उतरले नाही.

मी म्हटलं, "अध्यक्ष चाचणी अर्धवट सोडू शकत नाही. परतीच्या नोंदी कोण घेणार?" मी म्हटलं, "नियम बघावा लागेल." सगुणा माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला कळ आली, ती गुडघ्यांवर बसली, आणि मी नियम सांगत होते. आतून मला खरी भीती वाटत होती ती पठारावरच्या गारठ्याची. मी तिथे राहिले तर थंडीने आखडून पडेन, आणि खाली दरबार दुसरा अध्यक्ष नेमेल. या दोन्ही गोष्टींत मला दुसरीची जास्त भीती वाटत होती.

"बाई, उतरा," हौसा पुन्हा म्हणाली.

मी जागेत नखं रुतवली. घोरपडीची नखं रुतली म्हणजे काय, ते तुम्हाला मोठे झालात की कळेल. शेवटी हौसाने पठारावरच्या दोन वानरांना खूण केली. एकाने माझी मान धरली, एकाने शेपटी. जागेचं कापड फाटलं, पण मी सुटले. त्यांनी मला एका दगडावर नेऊन ठेवलं.

सगुणेला आत चढवलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माफ करा. तुम्हाला त्रास झाला."

मला माफ करा म्हणाली. ती. मला.

विमान धावलं, टोकाला पोचलं आणि दरीत खाली गेलं. दिसेनासं झालं. मी दगडावर मान ताठ करून बघत होते. त्या वेळी मला हवा आठवली नाही, पाणी आठवलं नाही, ठराव आठवला नाही. फक्त एकच वाटत होतं, की ती हातभर पट्टी टिकू दे. मग धारेच्या वर एक ठिपका दिसला आणि पलीकडे उतरला. माझ्या अंगात ऊब नसते म्हणून सांगितलं ना? त्या क्षणी छातीत काहीतरी गरम झालं होतं. ते फार वेळ टिकलं नाही.

दुपारी कावळा आला. पाडस आडवंच होतं. वैद्यीणबाईंनी वळवून घेतलं. दोघं सुखरूप. मी ते ऐकलं आणि डोळे मिटले.

पुढे विमान रोज फेऱ्या करू लागलं. खाली न्यायच्या जनावरांची यादी हौसाने केली होती. आजारी आधी, म्हातारे नंतर, लेकुरवाळ्या त्यानंतर. माझं नाव शेवटी होतं, मिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या वर. महिनाभर मी त्या दगडावर उन्हाची वाट बघत काढला.

महिन्याने मी खाली उतरले तर धावपट्टीवर मांडव. माझ्या गळ्यात हार पडला. दौलतरावांनी भाषण केलं, की पाण्यामुळे विमान वाचलं. मार्तंडरावांनी भाषण केलं, की हवेमुळे वाचलं. मग दोघांनी मिळून सांगितलं, की आमच्या अध्यक्षबाईंनी एका गाभण मातेसाठी स्वतःची जागा सोडली आणि गारठ्यात महिना काढला. सगळं जंगल उठून उभं राहिलं. मागे सोपानकाका उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते पान्याला तेल लावत होते.

सगुणा पाडसाला घेऊन पुढे आली. तिने सगळं बघितलं होतं. नखं बघितली होती, वानरं बघितली होती, फाटलेलं कापडही. तरी ती पाडसाला म्हणाली, "पाया पड. या बाईंनी आपल्यासाठी जागा सोडली."

तिच्या डोळ्यांत टोमणा शोधला मी. नव्हता. तिने मला वाचवायचं ठरवलं होतं. पाडसाने लटपटत्या पायांनी माझ्यापुढे मान टेकवली. मी खरं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

आणि म्हणाले, "कर्तव्यच होतं ते माझं."

तात्पर्य : बाळांनो, आपली जागा आपण होऊन कधी सोडू नये. नखं रुतवून बसावं. दोघांनी मान आणि शेपटी धरून उचलून बाहेर ठेवलं, की त्यालाच पुढे त्याग म्हणतात.